बाईंचा सेकंदकाटा

भिंगारदिवे बाईंच्या गणिताच्या तासाला फळ्याकडे फारसं कुणी बघत नसे. सगळा वर्ग बाईंच्या डाव्या मनगटाकडे बघत असे. बाई हात वर घ्यायच्या, चावीच्या घड्याळात क्षणभर बघायच्या आणि म्हणायच्या, "सतरा." सेकंदकाटा सतरावर असेल तर सतरा नंबरचं पोर उभं राहायचं, आणि मग त्याला प्रश्न. हुशार पोरांना वाटायचं आपल्याला विचारावं, बाकीच्यांना वाटायचं देवा, आज नको. काट्याला दोन्हींचं सोयरसुतक नव्हतं.

मी त्याच शाळेत, नेवाशाला, शेजारच्या वर्गावर मराठी शिकवायचो. माझ्या तासाला मी नेहमी हात वर करणाऱ्यालाच विचारायचो, कारण उत्तर पटकन मिळतं आणि आपणही उत्तम शिकवतो असा समज कायम राहतो. बाईंना ते दिसत असणार. एकदा शिक्षकखोलीत चहा पिताना त्या म्हणाल्या, "सर, मीही माणूसच आहे. निवड माझ्याकडे ठेवली तर मी आवडत्यालाच निवडेन, नाहीतर ज्याचा राग आलाय त्याला. म्हणून निवड काट्याकडे."

एवढं मात्र खरं, की नंबर काट्याचा असला तरी प्रश्न बाईंचा असायचा. जे पोर त्यांच्या तासाला आयुष्यात पहिल्यांदाच उभं राहतंय, त्याला त्या येणाराच प्रश्न विचारत. बरोबर उत्तर देऊन ते ऐटीत खाली बसलं पाहिजे, हा त्यांचा नियम होता. आणि "बरोबर" एवढ्यावर सुटका नव्हती. "कशावरून? पायऱ्या सांग." उत्तराला एक गुण, पायऱ्यांना चार, हे त्यांचं वाक्य तालुक्यातल्या निम्म्या संसारांत वापरलं जातं. मी एकदा उशिरा आलो आणि बस चुकली असं सांगितलं, तर बाईंनी मलाही पायऱ्या विचारल्या. तिसऱ्या पायरीला माझी थाप उघडी पडली.

घड्याळ वर्गापुरतं राहिलं असतं तरी ठीक. बाजारात मेथीवाल्या दोघी शेजारी-शेजारी बसायच्या. कुणा एकीचं मन मोडायला नको म्हणून बाई घड्याळ बघत. सम आकडा आला तर अलीकडची, विषम आला तर पलीकडची. काही दिवसांनी पलीकडची लांबूनच ओरडायला लागली, "आज इषम येऊ द्या, बाई, लई कवळी हाय!" आणि बाई भर बाजारात तिला समजावून सांगत, की बघ, काट्याला तुझी भाजी कोवळी आहे हे ठाऊक नसतं.

निवृत्त झाल्यावर बाई घरी बसल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा आणि सून पुण्याला. अंगणात एक चिंचेचं झाड, पुढे पडवी, रविवारी सकाळी चर्चमधली उपासना, एवढा त्यांचा संसार उरला. आता बाई भजनी पुस्तकाला कव्हर घालत बसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण एका नाताळात सुनेने, श्रुतीने, सासूबाईंना पोकर शिकवला आणि आमचे सगळ्यांचे रविवार बदलले.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, मध्ये पाच उघडे. सात पत्त्यांतून ज्याची जुळणी सर्वांत चांगली, तो जिंकला. पण खरी मेख पुढे आहे. हातात काही नसतानाही चिंचोक्यांचा ढीग पुढे ढकलून, आपल्याकडे फार मोठं काही असल्यासारखं दाखवता येतं. समोरचा घाबरून "पास" म्हणाला, की ढीग आपला. होय, चिंचोके. बाईंच्या घरी पैशाचं नाव काढायची सोय नव्हती. झाडाखाली फुकट मिळणारे चिंचोके, माणशी शंभर. ज्याचे संपले त्याने उठायचं आणि उरलेल्यांसाठी चहा टाकायचा. मी फार चहा केला आहे.

सुरुवातीला जरा कुजबुज झाली. बाई आणि पत्ते? चर्चचे पाळकसाहेब एका दुपारी मुद्दाम बघायला आले. बाईंनी त्यांच्यापुढे शंभर चिंचोके मोजून ठेवले आणि म्हणाल्या, "बसा. पाप आहे की नाही ते खेळून ठरवा." पाळकसाहेब दिवेलागणीपर्यंत बसले. जाताना म्हणाले की अजून नक्की सांगता येत नाही, पुढच्या रविवारी पुन्हा बघावं लागेल.

सुनेने पुण्याहून फोनवर समजावलं होतं, की या खेळात दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, समतोल खेळा. ठराविक वेळा खरं, ठराविक वेळा थाप, आणि तेही असं की समोरच्याला कधी पत्ता लागू नये. दुसरा पंथ म्हणतो, समोरचा माणूस बघा, त्याची खोड ओळखा आणि तिच्यावर घाव घाला. बाईंनी पहिला पंथ ऐकताक्षणी स्वीकारला. "समोरच्याला आपण काय करणार हे कळू नये असं वाटत असेल ना सर, तर एकच उपाय. आपल्यालाही ते आधी कळता कामा नये." म्हणजे पुन्हा घड्याळ! हातात फालतू पत्ते आले की बाई मनगट बघत. काटा पहिल्या पंधरा सेकंदांत असेल तर थाप मारायची, नसेल तर निमूट पास. चेहऱ्याकडे बघून काही कळेल तर शपथ, कारण काटा कुठे आहे हे बाईंनाही बघेपर्यंत ठाऊक नसे. आम्ही सगळे मास्तर लोक त्या घड्याळापुढे पार हतबल झालो.

मग बबनतात्या आला.

बबनतात्या म्हणजे हेडी, जनावरांचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. शेजाऱ्यांची गाय बघायला आला होता, तो पडवीतला घोळका बघून थांबला. कधीकाळी बाईंचा विद्यार्थी, म्हणून "बाई, नमस्कार" म्हणाला आणि खांबाला टेकून अर्धा तास गप्प उभा राहिला. मग मला म्हणाला, "सर, चांगला पत्ता आला की तुमी चष्मा पुसता." सगळी पडवी हसली. मी रागाने चष्मा काढला आणि पुसायला लागलो, तशी आणखी हसली.

"बस, बबन," बाई म्हणाल्या. "शंभर चिंचोके घे."

तात्या पत्त्यांकडे जवळजवळ बघतच नसे. "गाय काय बघायची," तो सांगायचा, "इकनाऱ्याचे पाय बघायचे. अंगठ्यानं माती उकरत असला की त्याला इकायची घाई हाय. माती उकरनं बंद झालं की समजायचं, भाव त्याच्या मनात बसला." त्याने चार रविवारांत आम्हा सगळ्यांना वाचून टाकलं. पाळकसाहेब थाप मारताना खोकतात. मी चष्मा पुसतो. आणि पाचव्या रविवारी त्याने बाईंना सांगितलं, "बाई, रागवू नका. तुमी घड्याळ बघता ते पत्ते वाईट असले तरच. चांगले असले की बघतच न्हाई."

बाईंचा चेहरा असा काही झाला, जणू फळ्यावरच्या गणितात दुसऱ्याच ओळीत चूक निघाली. मग त्या मनापासून खदखदून हसल्या. "शाब्बास! अरे, इतकं साधं मला दिसू नये?" तेव्हापासून पत्ते चांगले असोत की वाईट, बाई दर डावाला घड्याळ बघायला लागल्या. आता छिद्र उरलं नाही, असं आम्हाला वाटलं.

पण तात्या जिंकतच राहिला. दर नाताळच्या सुट्टीत मोठी स्पर्धा व्हायची. बक्षीस म्हणून शाळेने मोडीत काढलेला, फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक. जिंकणाऱ्याने तो वर्षभर घरी ठेवायचा. बाईंचाच जुना कोनमापक, कडेला त्यांच्या खडूची पांढरी धूळ अजून मुरलेली. लागोपाठ तीन वर्षं तो तात्याच्या गोठ्यात, गाईंच्या वर टांगलेला होता. बाई वरून हसत, पण एकदा मला म्हणाल्या, "सर, गाईंना काटकोन शिकवतो की काय मेला!" आणि त्या हसण्याखाली काय दुखतंय ते मला कळलं. हरण्याचं त्यांना काही नव्हतं. आपली रीत बरोबर असताना उत्तर चुकतंय, हे त्यांना सोसवत नव्हतं.

त्यांनाही सगळ्यांच्या खोडी दिसत होत्या, बरं का. मी विचारलं होतं, "तुम्हीसुद्धा माझा चष्मा बघून का खेळत नाही?" तर म्हणाल्या, "दिसतो मला. पण तोतरं बोलणाऱ्या पोराला मुद्दाम वाचायला उभं करायचं नसतं, तसंच आहे हे. कुणाचं उणं बघून जिंकायचं नाही." तात्याने हे ऐकलं आणि डोकं खाजवलं. "बाई, मानसाकडं बघनं म्हंजी काय नुसतं उणंच बघनं असतंय व्हय?" तेव्हा त्याच्या बोलण्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग बाईंचे गुडघे गेले. मुलाने आणि श्रुतीने पुण्याला न्यायचं ठरवलं, आणि बाईंनीही हो म्हटलं. त्या नाताळची स्पर्धा म्हणजे आमच्या पडवीतली शेवटची. बाईंनी आधीच जाहीर करून टाकलं, "कोनमापक मी पुण्याला घेऊन जाणार. जिंकून. कुणी दया दाखवली तर त्याच्याशी बोलणार नाही."

दुपारी खेळ सुरू झाला. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी उठलो आणि आधण ठेवलं. पाळकसाहेब तासाभराने खोकत-खोकत गेले. ऊन अंगणातून सरकत चिंचेखाली गेलं तेव्हा पडवीत दोघंच उरले होते. बाई आणि तात्या. ढीग जवळजवळ सारखे, तात्याचा किंचित मोठा. बाकीचे आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो.

मी चहा आणला तेव्हा बाईंनी पत्ते खाली ठेवले. "बबन, एक विचारू? आता मी प्रत्येक डावाला घड्याळ बघते. काटा सांगेल तसंच करते. तरी माझी थाप तुला कळते कशी?"

तात्याने चहा बशीत ओतला, फुंकला. सांगावं की नाही याचा विचार त्याच्या तोंडावर दिसत होता. वाचणाराच वाचला जातोय, हे मी पहिल्यांदा बघत होतो.

"बाई, काट्यानं थाप मार म्हनलं की तुमी ओठ आवळता. थोडंसंच. वर्गात कच्च्या पोराचा नंबर आला की आवळायच्या ना, तसंच. नको होतं याचं नाव यायला, अशा."

"हे तुला वर्गातलं आठवतंय?"

"आठवंल न्हाई तर काय! नववी ब. आख्खं वरीस मी तुमच्या तोंडाकडंच बघत हुतो. मला दुसरं कामच नव्हतं." तो हसला. "माझा नंबर बासष्ट, बाई. घड्याळात साठच."

बाई मनगटाकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं त्यांनी ते घड्याळ बघितलं होतं, वर्ग कधी पन्नासचा, कधी चौसष्टचा, आणि साठाच्या पुढे काही नाही हे त्यांच्या, गणिताच्या बाईंच्या, ध्यानातच आलं नव्हतं. हजेरीच्या शेवटच्या ओळीतली पोरं दर तासाला निर्धास्त बसत होती, आणि बाईंना वाटत होतं की आपण सगळ्यांना सारखं मोजतोय.

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट," बाई हळू म्हणाल्या. "तू नववीतच शाळा सोडलीस ना, बबन? गणितात—"

"वार्षिकला कोरा पेपर दिला. येत नव्हतं असं न्हाई. थोडं यायचं." तात्या घाईने म्हणाला. त्याला बाईंचा चेहरा बघवेना. "पन कुनी कदी इचारलंच न्हाई, तर लिव्हून तरी कुनाला दावायचं, असं वाटलं. पोरसवदा अक्कल. जाऊ द्या हो बाई! लई चांगलं झालं. तिथं बसूनच तर मानसं वाचाया शिकलो. आज गोठ्यात चौदा गाई हायेत. तुमी पत्ते वाटा."

बाईंनी पत्ते वाटले. मध्ये एकेक पत्ता उघडत गेला, आणि पाच पत्त्यांत चार किलवरचे निघाले. म्हणजे ज्याच्या हातात आणखी एक किलवर, त्याचे पाच किलवर जुळले आणि त्याचंच राज्य. बाईंनी आपले दोन पत्ते उचलून बघितले. आम्ही सवयीने त्यांच्या मनगटाकडे बघितलं.

बाईंनी घड्याळ काढलं. पालथं करून पाटावर ठेवलं. मग दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे लोटला, चिंचोके पडवीभर घरंगळले, आणि बाईंनी मान वर करून बबनकडे बघितलं. सरळ, शांतपणे, पुष्कळ वेळ.

"रोल नंबर बासष्ट."

तात्या उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, बाजार गाजवणारा माणूस, पण गुडघे आपोआप उठले. खांद्यावरचा पंचा त्याने काढून हातात धरला.

"माझ्या हातात किलवर आहे की नाही?"

"न्हाई, बाई."

"कशावरून? पायऱ्या सांग."

तात्याने एक बोट वर केलं. "एक. किलवर असतं तर तुमी मला आत वढाया थोडेच चिंचोके लावले असते. सगळे लावले, म्हंजी मी पळून जावं असं वाटतंय. दोन. ओठ आवळले न्हाईत. म्हंजी काट्यानं सांगितलेली थाप न्हाई, तुमी सोता मारलेली हाय."

"आणि?"

"तीन. पयल्यांदा उभ्या ऱ्हायलेल्या पोराला तुमी अवघड घालत न्हाई. किलवर असतं, तर बरोबर वळखूनबी मीच हरलो असतो; असा प्रश्न तुमी कदीच इचारनार न्हाई."

तात्या खाली बसला, आपले दोन पत्ते उचलले आणि हळूच पालथे बाजूला सारले. "पन मी पास, बाई. कोनमापक तुमचा. पुन्याला घेऊन जावा."

बाईंनी झटकन त्याच्या पत्त्यांवर हात ठेवला. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज मी कैक वर्षांनी ऐकला.

"बबन! उत्तर येत असून पुन्हा कोरा पेपर देणार आहेस?"

तात्याने पंच्याने तोंड पुसलं. मग पत्ते परत ओढले, उघडे केले आणि सगळा ढीग पुढे लोटला. त्याच्याकडेही किलवर नव्हतं, नुसती नश्शीची जोडी होती. बाईंनी आपले पत्ते उलटले. बदामाची सत्ती आणि चौकटची दुर्री. पोकरमध्ये याहून टाकाऊ हात नाही, असं श्रुती सांगते.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पाचपैकी पाच." आणि त्या अशा काही हसल्या, की जिंकलं कोण हे अंगणात नव्याने आलेल्या माणसाला सांगता आलं नसतं. मला इतका आनंद झाला की मी कुणी न सांगता पुन्हा चहा टाकला. बाईंनी पिशवीतून लाल पेन काढलं आणि कोनमापकाच्या मागे लिहिलं: नववी ब, रोल नंबर ६२, ५/५. खाली सही. तो आता गोठ्यात नसतो. तात्याच्या घरात, पुढच्या खोलीत आहे, आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी तो बघावा लागतो.

दोन दिवसांनी मुलाची गाडी आली. सामान फारसं नव्हतंच. तात्या चिंचोक्यांची पिशवी घेऊन आला होता, "पुन्यात इकत घ्यावं लागतंय म्हनं." आम्ही सगळे फाटकापाशी उभे. बाई मागच्या सीटवर बसल्या, काच खाली केली. घड्याळ हातात होतं, पण त्याकडे त्यांनी बघितलं नाही. एकेकाच्या तोंडाकडे बघत त्यांनी हजेरी सुरू केली.

"धनवटे सर."

"हजर," मी म्हणालो, आणि चष्मा काढला. आता चांगला पत्ता वगैरे काही आला नव्हता, तरी पुसला.

"पाळकसाहेब."

"हजर."

शेजारीण, तिची गाय, मेथीवाल्या दोघी, चिंचेचं झाडसुद्धा त्यांनी सोडलं नाही. गाडी सुरू झाली. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मुलगा आई-आई करत होता, तिकडे लक्ष न देता त्यांनी मागे बघून हाक मारली.

"बासष्ट!"

तात्या रस्त्याच्या मधोमध ताठ उभा होता, पंचा हातात.

"हजर, बाई!"

त्याची हाक ऐकू येईपर्यंत त्या मागेच बघत होत्या. मग त्यांनी काच वर केली.